गाडी आदळते, इंजिन घुमते : खर्चाआधी काय तपासाल?

आषाढीच्या तोंडावर आणि दिवाळी झाल्यावर, म्हणजे गाड्या यात्रेला निघायच्या दिवसांत, आखाडा बाळापूर, कळमनुरी, वारंगा फाटा या पट्ट्यातले वाचक एकच अडचण वेगवेगळ्या शब्दांत सांगतात. शॉकअप नवे टाकले तरी मागच्या सीटवरची माणसे उडतातच. पुढे बसलेल्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. कुणी सांगते दरवाजांना शीट मारून घ्या, कुणी म्हणते हवा थोडी कमी ठेवा, कुणी म्हणते पाट्यातले एक पान काढून टाका. नेमके करायचे काय?

परदेशात ज्याला मोटरहोम म्हणतात, ते काम आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलर, विंगर, इको, मॅजिक याच गाड्या करतात. तिरुपतीला निघालेल्या कुटुंबाच्या गाडीत गाद्या, पाण्याचे जार, शेगडी आणि आजीची औषधे असतात. पंढरीच्या वाटेवर दिंडीमागून येणारी गाडी म्हणजे महिनाभराचे फिरते घरच. या गाड्यांचा आवाज आणि आदळआपट बरीच कमी करता येते, आणि बहुतेक वेळा सगळ्यात मोठा फरक सगळ्यात स्वस्त कामाने पडतो. फक्त कामांचा क्रम चुकता कामा नये.

आधी दुखणे ओळखा

गॅरेजला नेण्यापूर्वी गाडी दोन रस्त्यांवर चालवून पाहा. एक, बाळापूर ते वारंगा फाटा हा राष्ट्रीय महामार्ग १६१चा तुकडा. दुसरा, तुमच्या गावाचा खड्ड्यांचा आणि गतिरोधकांचा रस्ता. सोबत एकाला बसवा आणि त्याच्याकडून लिहून घ्या: आवाज कोणत्या वेगाला आला, कुठून आला, पायाखाली जाणवला की कानाला.

- गाडी उभी असताना रेस वाढवली की आवाज वाढतो: दोष इंजिन, इंजिन माउंटिंग, पंखा किंवा सायलेन्सरच्या बाजूला आहे.
- आवाज वेगाबरोबर वाढतो आणि क्लच दाबल्यावरही तसाच राहतो: टायर, व्हील बेअरिंग किंवा प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट पाहा. ही तपासणी सरळ, सपाट, मोकळ्या रस्त्यावर काही सेकंदच करा. इंजिन बंद करू नका आणि उतारावर तर करूच नका. इंजिन बंद पडले की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.
- फक्त खड्ड्यात ‘खट्ट’ किंवा ‘कुंई’ असा आवाज येतो: बुश, शॅकल, स्टॅबिलायझर बारचे रबर, शॉकअपचे वरचे-खालचे बोल्ट.
- गुळगुळीत रस्त्यावर ठरावीक वेगाला स्टिअरिंग किंवा फरशी थरथरते: व्हील बॅलन्सिंग. थरथर फरशीतून येत असेल तर प्रोपेलर शाफ्टही तपासा.

हा कागद मिस्त्रीच्या हातात द्या. ‘गाडी आवाज करते’ एवढेच सांगितले की तो अंदाजाने एकेक भाग बदलत जातो आणि तुमचे पैसे जातात.

मोबाइलवर आवाज मोजायचे ॲप असते. त्याचा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसतो, पण कामाच्या आधीचा आणि नंतरचा फरक त्यातून कळतो. मोबाइल तोच, जागा तीच, रस्ता तोच, वेग तोच, काचा बंद आणि एसीचा पंखा दोन्ही वेळा सारखाच ठेवा. १० डेसिबल कमी झाले तर कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. ३ डेसिबलचा फरक जेमतेम जाणवतो. कुणी ‘आवाज अर्धा करून देतो’ म्हणाले, तर त्याला कामानंतर १० डेसिबलचा फरक दाखवायला सांगा.

टायर : इथूनच सुरुवात करा

आदळणाऱ्या गाड्यांमध्ये पुष्कळदा हवाच जास्त निघते. पंक्चरच्या दुकानात ‘किती भरू?’ विचारतात आणि आपण ‘भर की नेहमीएवढी’ म्हणतो. ट्रॅव्हलरसारख्या गाडीत पुढची आणि मागची हवा वेगळी असू शकते, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची तर असतेच. योग्य आकडा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर गार असताना तपासा. तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडली, तर टायर गार झाल्यावर ती कमी पडते.

गाडी मऊ चालावी म्हणून ठरल्यापेक्षा कमी हवा ठेवायचा सल्ला मानू नका. कमी हवेचा टायर कडेने सतत दुमडतो, तापतो आणि भरल्या गाडीच्या वजनाखाली फुटतो. एप्रिल-मेच्या मराठवाड्याच्या उन्हात, चौदा-पंधरा माणसे घेऊन निघालेल्या गाडीत हा धोका पत्करण्यासारखा नाही.

टायरचे वयही वाचा. बाजूच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते, आणि कडक रबर आदळतेही आणि घुमतेही. नक्षीवरून हात फिरवून पाहा. एका बाजूने हात फिरताना गुळगुळीत आणि उलटा फिरवताना करवतीसारखे लागत असेल, तर अलाइनमेंट बिघडले आहे. तो ‘घूंऽऽ’ आवाज बेअरिंगचा समजून कित्येकांनी चांगले बेअरिंग बदललेले आहे.

गाडीला नायलॉन टायर असतील आणि कंपनीने त्याच गाडीसाठी रेडियलही मंजूर केले असतील, तर पुढच्या बदलीला रेडियल घ्या. त्यांची बाजूची भिंत लवचीक असते आणि छोटे धक्के तिथेच जिरतात. मात्र एकाच ॲक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल असे कधी करू नका, आणि भार पेलण्याची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी नको. नंतर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दोन्ही करून घ्या.

शॉकअप आणि पाटे

शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही. वजन पाटे पेलतात. शॉकअप फक्त पाट्यांची उसळी थांबवतो. म्हणून गाडी बसली असेल तर नव्या शॉकअपने ती उठणार नाही, आणि पाटे गंजून एकमेकांना चिकटले असतील तर कितीही महागडा शॉकअप गाडी मऊ करणार नाही. ‘शॉकअप बदलले तरी तसेच’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा इथे सापडते.

शॉकअप तपासायची एक साधी रीत आहे. खराब रस्त्यावर गाडी थोडी फिरवून आणा, सपाट जागी हँडब्रेक लावून उभी करा आणि चारही शॉकअपच्या नळीला हलका हात लावा. सायलेन्सर तापलेला असतो, त्यापासून हात जपा. काम करणारा शॉकअप कोमट लागतो, कारण धक्क्याची शक्ती आतल्या तेलात उष्णता होऊन जाते. तीन कोमट आणि एक गार असेल, तर तो गार शॉकअप नुसता लोंबतो आहे. नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तरी तो गेलाच समजा. बदलताना एका ॲक्सलचे दोन्ही बदला.

पाट्यांचे काम पाटेवाल्याकडेच द्या आणि तिथे उभे राहून करून घ्या. पाटा पूर्ण खोलायला सांगा. पाने वेगळी झाली की गंजाचे पापुद्रे, मधे बसलेली वाळू, एखाद्या पानाला गेलेला केसासारखा तडा आणि टोकांना पडलेले खड्डे हे सगळे दिसते. पाने घासून साफ करणे, टोकांमधल्या घिसलेल्या पट्ट्या असतील तर नव्या टाकणे, ग्रॅफाइट ग्रीस लावणे, बुश आणि शॅकल पिन बदलणे एवढे झाले की गाडी किती बदलते, हे पहिल्याच गतिरोधकाला कळते. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे घ्या आणि काही दिवस गाडी चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. ही दुसरी आवळणी बहुतेक जण विसरतात.

आता पानांच्या दोन ‘देशी’ उपायांबद्दल. गाडी मऊ व्हावी म्हणून पान काढणे म्हणजे भार पेलायची ताकदच कमी करणे. उरलेली पाने जास्त वाकतात आणि तुटतात, तेही भरल्या गाडीत. उलट, सामान जास्त भरता यावे म्हणून आधीच्या मालकाने एखादे जादा पान घातलेले असते आणि जुनी गाडी घेणाऱ्याला ते माहीतच नसते. रिकामी गाडी दगडासारखी आदळत असेल, तर पाने मोजा आणि कंपनीच्या संख्येशी ताडून पाहा. कंपनीची संख्या तेवढीच ठेवायची.

बुश घेताना रबरचे घ्यायचे की पॉलियुरेथेनचे, असे दुकानदार विचारतो. दुसरे जास्त टिकते, पण कडक असते आणि थरथर पुढे जाऊ देते. माणसांच्या गाडीला रबरच बरे.

एक रुपयाही न लागणारे काम

मागच्या चाकांच्या मागे बसलेला माणूस सगळ्यात जास्त उडतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या ओळीत धक्का सगळ्यात कमी लागतो. म्हातारी माणसे, गरोदर बाई, कंबरदुखीचा माणूस यांना मधल्या ओळीत बसवा. मान म्हणून त्यांना पुढे बसवतात आणि इंजिनची गरमी, आवाज त्यांच्याच वाट्याला येतो.

सामानाचेही तसेच. तांदळाची पोती, पाण्याचे जार, भांडी खाली आणि शक्यतो दोन चाकांच्या मधे ठेवा. टपावरच्या कॅरिअरवर हलके सामान, गाद्या-चादरी. कॅरिअरवर जड सामान टाकले की गाडी डोलते, वळणावर झुकते आणि वाऱ्याचा आवाजही वाढतो. सीएनजी इकोत मागे आधीच टाकीचे वजन असते, त्यावर आणखी पोती टाकू नका.

पुढच्या कामाला मात्र पैसे लागतात. सीटचा फोम दाबून पाहा. तळव्याला खालची फळी लागली, तर तो संपला. कुशनवाल्याकडून जास्त घनतेचा, चांगल्या प्रतीचा फोम टाकून घ्या. पहिली सीट ड्रायव्हरची करा. तासन्‌तास थरथरीत बसून कंबर त्याचीच जाते, आणि थकलेल्या ड्रायव्हरच्या हातात सगळ्यांचा जीव असतो.

इंजिनचा आवाज : आधी उगम, मग झाकण

मोटारीत इंजिन पुढे, पत्र्याच्या भिंतीपलीकडे असते. ट्रॅव्हलरमध्ये ते ड्रायव्हरच्या शेजारी, केबिनमध्ये शिरलेल्या झाकणाखाली येते. इको आणि मॅजिकमध्ये पुढच्या सीटखालीच असते. म्हणून या गाड्या मुळातच मोटारीपेक्षा बोलक्या आहेत, आणि त्या मोटारीइतक्या शांत होणार नाहीत. पण पूर्वी नसलेला आवाज आता येत असेल, तर तो दोष आहे आणि तो दाबायचा नाही, दुरुस्त करायचा. निदान एवढे बघा:

- इंजिन तेलाची पातळी आणि प्रत. कमी किंवा जुन्या तेलाने टकटक वाढते.
- एअर फिल्टरचा डबा नीट बसला आहे का, क्लिपा लागल्या आहेत का. सैल डब्यातून ‘घुर्र’ आवाज येतो आणि धूळही आत जाते.
- इंजिन माउंटिंग, ज्याला आपले मिस्त्री फाउंडेशन म्हणतात. गाडी चालू आणि बंद करताना इंजिन जोरात हिसका मारत असेल, रबराला भेगा असतील किंवा ते तेलाने फुगले असेल, तर बदला. केबिनची गुणगुण बहुतेकदा इथूनच येते.
- सायलेन्सरचे रबरी हँगर, पत्र्याला लागणारा पाइप, आणि मॅनिफोल्डच्या सांध्याजवळ काळ्या काजळीचा डाग. तो डाग म्हणजे गळती. ती आवाज तर करतेच, पण तिचा धूर केबिनमध्ये शिरू शकतो.
- पंखा, बेल्ट आणि बेल्टचे टेन्शनर.

हे झाल्यावरच झाकणाकडे वळा. आवाज फटीतून येतो. बाकी सगळे झाकण जाड असले आणि कडेला बोटभर फट असली, तर शीटचा खर्च बराचसा वाया जातो. कागदाची पट्टी झाकणाच्या कडेखाली ठेवून झाकण आवळा आणि ओढून पाहा. पट्टी सहज सुटली, तर तिथले रबर मेले आहे. रात्री झाकण लावून खाली बॅटरी लावा आणि आतून पाहा: कुठे उजेड दिसतो? पेडलभोवती, गिअरच्या बुडाशी, वायरी आत येतात त्या भोकांत, आणि जुन्या गाड्यांत स्पीकर किंवा एसी बसवताना पाडून तशीच सोडलेल्या भोकांत. झाकणाचे बीडिंग नवे घाला, भोकांना रबरी ग्रोमेट बसवा, दरवाजांची रबरे बदला. बऱ्याच गाड्यांना एवढ्यावरच थांबता येते.

पुढे जायचे असेल तर थर या क्रमाने द्या:

१. झाकण धुऊन, तेलकटपणा काढून, पूर्ण कोरडे करा. ओशट पत्र्यावर काहीच टिकत नाही.
२. ब्युटाइलची डॅम्पिंग शीट रोलरने दाबून बसवा. ती पत्र्याची थरथर मारते. संपूर्ण पत्रा झाकायची गरज नसते, मधला मोठा सपाट भाग पुरतो.
३. इंजिनच्या बाजूने ॲल्युमिनियमचे आवरण असलेला, आग न पकडणारा, उष्णता सोसणारा थर लावा. कडा फॉइल टेपने बंद करा आणि नुसत्या गोंदावर न ठेवता क्लिपा किंवा वॉशर-स्क्रूही मारा. सुटून लोंबणारा तुकडा पंख्यात किंवा बेल्टमध्ये जातो.
४. आतल्या बाजूने, माणसांकडे, जड रबरी मॅट.

इंजिनकडच्या बाजूला थर्मोकोल, सीटचा साधा फोम, गोणपाट किंवा नमदा लावू नका. नमदा आवाज चांगला शोषतो, पण तो तेल आणि पाणीही शोषतो, आणि तेल प्यालेला नमदा तापलेल्या इंजिनजवळ म्हणजे आगीला आमंत्रण. काम झाल्यावर तापमानाचा काटा आठवडाभर पाहत राहा. इंजिनला हवा लागण्याच्या वाटा बुजवल्या गेल्या असतील, तर तो सांगेल.

बंद केबिनचा धोका

फटी बुजवलेली केबिन शांत होते आणि हवाबंदही होते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसे मृत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड फरशीतल्या फटीतून आत शिरला, असे तपासणीत निघाले. या वायूला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. म्हणून इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून, काचा बंद करून, एसी लावून गाडीत झोपू नका. मुक्कामाला निदान दोन काचा थोड्या उघड्या ठेवा.

गॅसची शेगडी गाडीबाहेर, मोकळ्यावर पेटवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की फरशीवर साचतो, आणि फटी बुजवल्यामुळे त्याला निघून जायची वाट उरलेली नसते. सीएनजी गाडीत वास आला तर आधी सगळे खाली उतरा, मग व्हॉल्व्ह बंद करा. टाकीवरच्या प्लेटवर चाचणीची तारीख असते, यात्रेला निघण्यापूर्वी ती पाहा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. बीडिंग, मॅट, डॅम्पिंग शीट, त्याच मापाचे शॉकअप आणि बुश याला अडचण नाही. गाडी उंच करणे, चेसिस कापणे, मंजूर नसलेल्या मापाचे टायर, सीटांची संख्या बदलून पलंग बसवणे हे मात्र परिवहन कार्यालयाला विचारल्याशिवाय करू नका. बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. हिंगोलीचे, म्हणजे एमएच-३८ चे वाहनमालक असाल, तर तिथल्या परिवहन कार्यालयातून लेखी उत्तर घ्या. गाडीचे खरोखर फिरते घर करायचे असेल तर महाराष्ट्राचे २०२१ चे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठीचे एआयएस-१२४ हे मानक यांची माहिती असलेल्या बॉडी बिल्डरकडेच जा.

सायलेन्सर आतून पोकळ करणे किंवा बीएस-६ गाडीचा धूर गाळणारा फिल्टर काढणे याने ‘पिकअप वाढतो’ असे सांगतात. आवाज आणि धुराचे नियम मोडल्यास कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र होण्याची तरतूद आहे.

काम देताना आणि बिघडल्यावर

खोलण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात भागाचा ब्रँड, संख्या, मजुरी वेगवेगळी लिहिलेली हवी. काढलेले जुने भाग परत मागा, ते तुमचेच आहेत. बिल जीएसटीचे, गाडीचा नंबर टाकलेले घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला किंवा इंजिनच्या झाकणाला बाहेर हात लावण्यापूर्वी वॉरंटीचे पुस्तक वाचा, आणि आवाजाची तक्रार जॉबकार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिलेले जॉबकार्ड पुढे तुमच्या कामी येत नाही.

नवी गाडी सुरुवातीपासून दोषी असेल किंवा पैसे घेऊन काम नीट केलेले नसेल, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, गाडी नांदेडला किंवा संभाजीनगरला घेतली असली तरी. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. गाडी भाड्याने चालते म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असे समोरून सांगतील. स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेली गाडी कायद्याने व्यापारी हेतूत धरत नाहीत. म्हणून परमिट, तुमचे स्वतःचे लायसन्स आणि गाडी तुम्हीच चालवता हे दाखवणारी कागदपत्रे पहिल्याच तक्रारीला जोडा.